जुनी औषधे, नवा विषाणू : संयोग आणि अवस्था

ज्ञात औषध नव्या व्याधीत योजणे वैद्याला अपरिचित नाही. दोष, दूष्य व अवस्था पाहून केलेली अशी योजना म्हणजेच युक्ती. कोविड-१९ च्या साथीत आधुनिक वैद्यकही याच वाटेने गेले. त्या अनुभवाचे परिशीलन आपल्यालाही उपयुक्त ठरेल.

एचआयव्हीवरील लोपिनावीर व रिटोनावीर यांचा संयोग २०२० मध्ये कोविडसाठी योजला गेला. यात रिटोनावीर लोपिनावीरचे यकृतातील विघटन मंदावते व रक्तातील मात्रा टिकवते. योगवाही द्रव्याचे स्मरण व्हावे, असे हे कार्य. तर्क सुसंगत होता. तथापि ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयातील रुग्णांचे मृत्यू त्याने घटले नाहीत. याच चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त व जुन्या औषधाने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर केवळ प्राणवायूवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाही. औषध एकच, अवस्था भिन्न, म्हणून फलही भिन्न.

आपल्याकडील उदाहरण ‘आयुष-६४’ चे. सप्तपर्णाची साल, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोट्याचे बीज यांचा हा योग केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने मूलतः हिवतापासाठी सिद्ध केला. लखनौ, वर्धा व मुंबई येथील चाचणीत प्रत्येक गटात ७० रुग्ण होते. प्रमाणित उपचारांना या योगाची जोड दिलेल्या गटात रुग्णालयातील वास्तव्य घटल्याचे आयुष मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये घोषित केले. निष्कर्ष आशादायक खरा. परंतु रुग्णसंख्या अल्प होती, आणि कोणते औषध दिले जात आहे हे रुग्ण व चिकित्सक दोघांनाही ठाऊक होते. ‘सहायक औषध’ याहून मोठा दावा त्यावर उभा राहत नाही.

औषधविक्रेत्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. संयोग केवळ आपण देतो त्या द्रव्यांचा नसतो. रुग्ण आधीपासून घेत असलेली औषधेही त्यात असतात. पिप्पली व मरिच यांतील पायपरीन फेनिटॉइनची रक्तातील मात्रा वाढवते. म्हणून अपस्माराच्या रुग्णास त्रिकटुयुक्त काढा देण्यापूर्वी चौकशी अगत्याची ठरते.

पुढील साथ येईल तेव्हा पहिल्या दिवसापासून व्याधीची अवस्था, मात्रा, अनुपान व सोबतची औषधे यांची नोंद प्रत्येक चिकित्सालयात व्हावी. युक्तीला प्रमाणाची जोड मिळाली, तरच आपल्या शब्दाला वजन येईल.