वाघोबाशी झालेला करार

दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने करतो. त्याच आश्विन वद्य द्वादशीला सह्याद्रीच्या उत्तर भागातले वारली आणि महादेव कोळी वाघबारस पाळतात. तिथी एकच, कुणी गाय पूजतो, कुणी गाय खाणाऱ्याला. माणसाने इतर जीवांसोबत कसे नांदावे हा प्रश्न आज जगभरचे कलावंत आणि शास्त्रज्ञ आपापल्या परीने हाताळत आहेत. महाराष्ट्रात तो बिबट्यापाशी सर्वांत जास्त कसाला लागतो, म्हणून हा आढावा मुख्यतः त्याचा.

वाघबारसेला पूजला जाणारा वाघोबा हा वाघाचा तसाच बिबट्याचाही देव. त्याचे ठाणे म्हणजे शेंदूर लावलेला दगड किंवा कोरीव लाकडी फळी. तिच्यावर वाघ, सूर्य, चंद्र. वन्यजीव अभ्यासक रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद आहे. या पूजेत भाबडे निसर्गप्रेम शोधू नये. वर्षातून एकदा त्याला मान द्यायचा, बदल्यात त्याने माणसांना आणि गुरांना सांभाळायचे, असा हा रोखठोक करार आहे. वाघ गुरू नेतो, प्रसंगी माणूसही मारतो, हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे.

करार करायचा तर समोरच्याची माहिती हवी. ती विज्ञानाने मिळवली, पण किंमत मोजून. जुन्नर परिसरात 2001 नंतर बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम निघाली. त्याआधी तिथे वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. मोहिमेनंतर ती सरासरी 17 वर गेली. अत्रेय यांनी ही आकडेवारी 2011 मध्ये मांडली आणि हल्ले वाढण्याचे सर्वांत संभाव्य कारण हे स्थलांतरच असल्याचे दाखवले. उपायच दुखणे वाढवत होता. अकोले खोऱ्यातल्या उसाच्या पट्ट्यातही त्यांनी कॅमेरे लावले. चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास 5 प्रौढ बिबटे निघाले आणि साधारण तेवढेच तरस. बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. म्हणजे तो जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा नव्हता. तो तिथलाच रहिवासी होता.

आकडे पटले तरी ओळख होतेच असे नाही. ती एका म्हाताऱ्या बिबट्याने करून दिली. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ तो विहिरीत पडला. बाहेर काढल्यावर अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. ‘आजोबा’ असे त्याचे नाव पडले. महामार्ग, लोहमार्ग, वस्त्या पार करत सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईच्या वेशीवर पोहोचला. 2011 च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. सुजय डहाके यांनी 2014 मध्ये त्याच्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. नकाशावरच्या ठिपक्यांना त्यामुळे स्वभाव मिळाला.

मुंबईत नयन खानोलकर यांनी आरे वसाहतीतल्या गल्लीतून निवांत जाणारा बिबट्या टिपला. 2016 च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत त्या छायाचित्राने शहरी विभागाचा पुरस्कार मिळवला. एरवी हल्ल्याच्या बातमीत दिसणारा प्राणी इथे रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या कामगारासारखा दिसतो. वारली चित्रात मात्र असा शेजार आधीपासून आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर नेली, 1989 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत पोहोचवली. त्या चित्रांत माणूस, झाड, जनावर एकाच पांढऱ्या रेघेने, एकाच मापाने येतात. मध्यभाग माणसासाठी राखून ठेवलेला नसतो.

माणसाला मध्यभागातून हलवणारे हे वळण साहित्यातही दिसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीत वानरांच्या टोळ्याच नायक-खलनायक आहेत, माणसाचे रूपक म्हणून ती वाचता येते, पण लेखकाचे निरीक्षण वानरांचेच आहे. प्रत्यक्षातही असा शेजार राखला गेला: कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन सागरी कासवांची घरटी राखली, आणि कासव महोत्सवामुळे तेच गावाच्या मिळकतीचे साधन झाले. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ने किनाऱ्यावरच्या अशाच राखणीत खचलेल्या तरुणाला सावरणारा धागा पाहिला, त्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले.

पण कासव कुणाच्या लेकराला उचलून नेत नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आणि संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. त्यांना सहजीवनाचे धडे देणे हा उद्धटपणा ठरेल. धरणांच्या पाण्यावर ऊस आपण वाढवला, साखर शहराने खाल्ली, बिबट्याला आयता आडोसा मिळाला. जोखीम मात्र रात्रीची वीज आली की पिकाला पाणी द्यायला निघणाऱ्याच्या वाट्याला आली.

वाघोबाच्या करारात मान सगळे गाव मिळून देते. आजच्या करारात देणेकरी एकटा शेतकरी आणि उसाच्या फडाशेजारी कोपी टाकून राहणारा तोडणी कामगार आहे. बिबट्या कुठे असतो हे विज्ञानाने दाखवले, तो कोण आहे हे कलेने दाखवले. यापुढची कल्पनाशक्ती दिवसा मिळणाऱ्या विजेत, बंदिस्त गोठ्यात, कोपीशेजारच्या दिव्यात आणि वेळेवर मिळणाऱ्या भरपाईत लागणार आहे. तिचा खर्च साखर खाणाऱ्यांनीही उचलला, तरच या कराराला न्याय्य म्हणता येईल.