लेतिसिया : रस्ता नसलेल्या गावाचा विमानतळ

वाचकहो, दक्षिण अमेरिकेचा नकाशा समोर घ्या. कोलंबिया या देशाच्या अगदी खालच्या टोकाला जमिनीची एक चिंचोळी पट्टी अ‍ॅमेझॉन नदीपर्यंत उतरलेली दिसेल. त्या पट्टीच्या टोकाशी लेतिसिया हे छोटे शहर आहे. राजधानी बोगोता इथून सुमारे अकराशे किलोमीटरवर, म्हणजे मुंबईहून दिल्ली जितकी लांब साधारण तितकी. पण या दोन गावांना जोडणारा रस्ताही नाही आणि रेल्वेही नाही. मध्ये जंगल आणि नद्या. त्यामुळे बोगोताहून जाणाऱ्याने विमानात बसावे, हाच मार्ग.

विमान दोन तासांच्या आत पोहोचते, पण तेवढ्या वेळात तुमचे जग बदलते. बोगोता सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे, तिथे स्वेटर लागतो. लेतिसियाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. दार उघडताच श्रावणातल्या कोकणासारखी दमट हवा अंगाला चिकटते. गंमत अशी, की नदीच्या वाटेने समुद्र इथून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. एवढ्या प्रचंड अंतरात नदीला शंभर मीटरही उतार मिळत नाही. ॲमेझॉन इतकी रुंद आणि संथ का, याचे बरेचसे उत्तर या एका आकड्यात आहे.

नदीचे दुसरे वैशिष्ट्य सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना चटकन कळेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांवर गेली की धोक्याचा इशारा होतो आणि अख्खे गाव रेडिओला कान लावून बसते. लेतिसियात नदीची पातळी उन्हाळी नीचांकापासून पुराच्या उच्चांकापर्यंत दरवर्षी दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते. म्हणजे तीस फुटांहून जास्त, आणि तेही नेहमीच्या वर्षी! म्हणून काठची घरे खांबांवर उभी, काही तर तरंगत्या ओंडक्यांवर. एप्रिल-मेमध्ये होडी दाराशी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेच घाट चिखलात बरेच खाली उतरून गाठावे लागतात.

आता विमानतळाकडे. इमारत छोटी, पण तिच्या नावात इतिहास आहे. आल्फ्रेदो वास्केस कोबो हे कोलंबियाचे सेनानी. १९२२ च्या करारानुसार पेरूने लेतिसिया कोलंबियाला दिले. ते काही पेरूवासीयांना मान्य नव्हते. १ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांनी गाव ताब्यात घेतले आणि दोन देशांत युद्ध पेटले. वास्केस कोबो यांनी तेव्हा कोलंबियाच्या मोहिमेचे नेतृत्व केले. त्या काळी इथे धावपट्ट्या कुठल्या? विमाने पाण्यावर उतरत. नदी हीच धावपट्टी होती. शेवटी १९३३ च्या जूनपासून वर्षभर राष्ट्रसंघाच्या आयोगाने गावाचा कारभार पाहिला आणि १९३४ मध्ये ते पुन्हा कोलंबियाकडे आले. एवढ्याशा गावासाठी जगाची संघटना धावून आली होती, हे आज तिथे उतरणाऱ्या किती पर्यटकांना ठाऊक असेल?

सीमेचा प्रश्न मात्र पूर्ण मिटलेला नाही. समोर नदीतल्या सांता रोसा बेटावर पेरूची वस्ती आहे. नदी वाळू वाहून आणते, नवी बेटे तयार करते, आणि मग बेट कुणाचे हा वाद सुरू होतो. २०२५ मध्ये पेरूने तिथे नवा जिल्हा घोषित केल्यावर कोलंबियाने जाहीर हरकत घेतली.

सामान्य माणसासाठी मात्र ही सीमा रस्त्यावरची रेघही नाही. लेतिसियाच्या एका रस्त्याने चालत गेलात की ब्राझीलचे ताबातिंगा सुरू होते. कुणी अडवत नाही. भाजी इकडे, कॉफी तिकडे. आपल्यापैकी ज्यांनी व्हिसाच्या रांगांत आयुष्याचे कित्येक दिवस घालवले, त्यांना याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहणार नाही. पण सावध राहा. या जुळ्या गावांपलीकडे जायचे असेल, म्हणजे बोटीने तीन-चार दिवसांवरच्या मनौसला किंवा पेरूतल्या इकितोसला, तर कोलंबियाचा निर्गमनाचा शिक्का आणि पुढच्या देशाचा प्रवेशाचा शिक्का आधी घ्यायलाच हवा. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना ब्राझीलसाठी एप्रिल २०२५ पासून पुन्हा व्हिसा लागतो. घरात आजीचा भारतीय आणि नातवाचा अमेरिकन पासपोर्ट असेल, तर दोघांचे नियम वेगवेगळे तपासा.

आणखी एक गोष्ट, खास आपल्यासाठी. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल, तर पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र जवळ हवे. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. साठी ओलांडलेल्यांना या लशीचा क्वचित पण गंभीर त्रास होण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा माझ्या वयाच्या मंडळींनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

विमान हेच दार असले, की ते बंद होणे म्हणजे काय हे २०२१ च्या जानेवारीअखेर दिसले. ब्राझीलमधल्या करोनाच्या नव्या प्रकारामुळे लेतिसियाची प्रवासी उड्डाणे काही काळ थांबवण्यात आली.

आणि आत जंगलात लहान विमानांवरच सारी भिस्त असते. १ मे २०२३ रोजी अराराक्वारा या वस्तीतून निघालेले एक छोटे सेसना विमान कोसळले. तिन्ही प्रौढ दगावले. त्यांच्याबरोबरची चार भावंडे मात्र ४० दिवसांनी, ९ जूनला, जिवंत सापडली. थोरली तेरा वर्षांची, धाकटे वर्षाचे. कोणते फळ खावे, कोणते टाळावे, हे थोरलीला घरच्या वडीलधाऱ्यांनी शिकवले होते. ती उइतोतो समाजाची मुले. शोधाला सैन्य होते आणि जंगल जाणणारे आदिवासी स्वयंसेवकही होते.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना आजीकडून काय मिळाले पाहिजे, यावर आपल्या मंडळात दरवर्षी चर्चा होते. भाषा शिकून उपयोग काय, असे मुले विचारतात. प्रश्न योग्यच आहे. त्या चार मुलांनी एवढेच दाखवले, की कोणती शिकवण कधी कामी येईल हे शिकवताना कुणालाच माहीत नसते. तरुण वाचकांनो, जमले तर लेतिसियाला जरूर जा. खिडकीशी बसा. विमान खाली येऊ लागले की नदीची वळणे मोजायचा प्रयत्न करा. आणि उतरल्यावर तिथल्या माणसांना त्यांच्या भाषांची नावे विचारा. एकाहून अधिक उत्तरे मिळतील.