असंभाव्य कथानक आणि प्रेक्षकांचा आनंद

"छे! असें कधीं घडतें काय?" हा उद्गार चित्रपट किंवा मालिका पाहतांना आपणां सर्वांच्या तोंडून केव्हांना केव्हां निघालेला असतो. गंमत अशी कीं, एका कथेविषयीं तो आपण हंसत हंसत काढतों आणि दुसरीविषयीं चिडून. असंभाव्यता दोहोंतही असते. मग एकींत आनंद आणि दुसरींत विरस कां व्हावा, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

मनमोहन देसाई यांचा १९७७ सालचा 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. लहानपणीं ताटातूट झालेले तीन भाऊ तीन निरनिराळ्या धर्मांच्या पालकांकडे वाढतात. पुढें अपघातांत सांपडलेल्या एका अंध स्त्रीला हे तिघे एकाच वेळीं रक्त देतात. ती त्यांचीच आई असते, पण हें कोणालाच ठाऊक नसतें. तिघांच्या अंगांतून निघालेल्या नळ्या वर एका बाटलींत जातात आणि तेथून रक्त सरळ आईच्या अंगांत उतरतें.

माझें सारें आयुष्य शाळेंत विज्ञान शिकविण्यांत गेलें. घरीं हा प्रसंग चालू असतांनाच मीं नातीला समजावून सांगितलें कीं, रक्त असें आपोआप वर चढत नाहीं. तें आधीं पिशवींत काढून घेतात, त्याचा गट पाहतात, रोगांसाठीं तें तपासतात, रुग्णाच्या रक्ताशीं जुळतें कीं नाहीं हें पाहतात आणि मगच देतात. नात म्हणाली, "आजोबा, तें मलाही ठाऊक आहे. पण ती तिघांची आई आहे ना!" आणि उठून ती आजीजवळ जाऊन बसली. पुढें पुढें मी खोलींत आलों कीं घरांतली मंडळी चित्रपट बंद करूं लागली. माझें विज्ञान बरोबर होतें, तरीही चूक माझीच होती.

तिघांची आई एकच, ही गोष्ट एका दृष्टिक्षेपांत सांगण्यासाठीं तो प्रसंग योजलेला आहे. शिवाय आपल्या जगांत योगायोगांचें राज्य आहे, हें त्या चित्रपटानें आरंभींच उघड करून टाकलें आहे. एवढें मान्य करून आपण पाहावयास बसतों. मग फसवणुकीचा प्रश्नच उरत नाहीं.

हा विचार फार जुना आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें आपल्या काव्यविषयक ग्रंथांत असें मत मांडलें आहे कीं, शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षां अशक्य पण पटणारी घटना कवीनें पसंत करावी. 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटाच्या शेवटीं वैकुंठास जाणारें विमान येतें. तें आपण मानतों. कारण त्याआधीं जिजाईचा संताप, पोरांची भूक आणि घरांतलें दारिद्र्य हें सारें आपण आपल्याच शेजारीं घडत असल्यासारखें पाहिलेलें असतें. जमिनीवरचें इतकें खरें उतरलें म्हणून आकाशांतलेंही पटतें. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला.

उलट उदाहरण अमेरिकेंतील 'डॅलस' या मालिकेचें. तिच्यांतील बॉबी हें पात्र १९८५ सालीं मोटारीच्या धडकेनें मृत्यु पावलें. पुढें तो नट मालिकेंत परतला, तेव्हां १९८६ सालीं असा खुलासा करण्यांत आला कीं, मधल्या काळांत घडलेलें सारें बॉबीच्या घटस्फोटित पत्नीला पडलेलें स्वप्न होतें! स्वप्न पडणें यांत अशक्य कांहींच नाहीं. पण प्रेक्षकांनीं ज्यासाठीं हळहळ केली, ज्यावर घरोघर चर्चा केली, तें एका क्षणांत रद्द झालें. कथेवर ठेवलेला विश्वास असा वायां गेला म्हणजे माणूस चिडतो, आणि तें योग्यच आहे.

आपल्या दैनंदिन मालिकांत हा दोष वेगळ्या रूपानें येतो. रोज नवा भाग हवा आणि शेवट तर लांबवावयाचा. मग शहाणी म्हणून दाखविलेली नायिका नेमक्या वेळीं मौन धरते. परवां अशीच एक मालिका पाहतांना नात वैतागून म्हणाली, "ही एक वाक्य बोलली असती तर सगळा गैरसमज मिटला असता!" मला मनापासून आनंद झाला. नळींतून वर चढणारें रक्त जिनें खुशाल मान्य केलें, तिला स्वभावाविरुद्ध वागणारें माणूस मात्र सहन झालें नाहीं. तिची परीक्षा माझ्या परीक्षेहून अधिक रसिकपणाची होती.

तेव्हां अशी घटना जगांत घडते काय, एवढेंच विचारून भागत नाहीं. या कथेच्या जगांत, या स्वभावाच्या माणसांकडून ती घडेल काय, हें पाहावें. विज्ञानाच्या शंका मी आतां चित्रपट संपेपर्यंत पोटांत ठेवतों. मग चहाच्या वेळीं नातच विचारते, "आजोबा, आज काय काय चुकलें?" आणि आम्ही दोघें मिळून ती यादी मोठ्या मजेनें करतों.