स्वरलिपीत उतरलेला राग

वसईत १७३९पर्यंत, तर गोव्यात १९६१पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. चर्चच्या गायनाबरोबर व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी दोन्हीकडच्या ख्रिस्ती घरांत पोहोचली. या वारशातून नवे संगीत घडू शकते, हे गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी दाखवून दिले. १९४३मध्ये ते चित्रपट-संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक झाले. पुढे संगीत-संयोजक म्हणून नावाजले गेले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचेच शिष्य. पण त्यांचे खरे मोल मला चित्रपटाबाहेरच्या कामात दिसते. १९५८मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, सारंग आणि तोडीसारख्या स्वरविश्वांवर कन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) लिहिले आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना त्या वाद्यमेळात गायला बोलावले.

राग कागदावर बांधला की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) आणि उत्स्फूर्तता हरवते, हा आक्षेप निराधार नाही. ख्यालातला विस्तार खरोखरच लिहून होत नाही. मात्र गोन्साल्विस ख्यालाला पर्याय शोधत नव्हते. शंभराच्या घरातल्या वादकांनी एकत्र वाजवायचे तर लेखन हवेच. शिवाय व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे मींड त्याच्या तारेवर सहज येते. कर्नाटक संगीताने तर हे वाद्य एकोणिसाव्या शतकातच आपलेसे केले होते.

१९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गोन्साल्विस यांचे नाव असलेल्या गाण्यामुळे ते नाव घरोघरी गेले, संगीत मात्र मागेच राहिले. वसईच्या व्हायोलिनवर्गांनी त्यांच्या रचना मुलांच्या हाती द्याव्यात.