मासा पाण्यातच गुदमरतो तेव्हा

परवा ओपीडीत रक्तदाब तपासायला आलेल्या एका शेतकऱ्याने जाता जाता विचारलं, "डॉक्टर, शेततळ्यातली माशांची पिल्लं पहाटे वर येऊन आ वासतात. खाद्याला तोंड लावत नाहीत. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल लिहून द्या ना, तळ्यात टाकतो." मी चिठ्ठी दिली नाही. त्याचं कारण सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

कल्ले म्हणजे माशाची फुप्फुसं. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलीटर प्राणवायू असतो. तेवढ्याच कोमट पाण्यात जेमतेम पाच-सहा. तो शोषून घेण्यासाठी कल्ल्यांचे पापुद्रे अतिशय पातळ असतात. तळ्यात दाटी झाली, उरलेलं खाद्य कुजलं, अमोनिया वाढला की आधी त्यांना इजा होते. मग जिवाणू तिथे बस्तान मांडतात. पापुद्रे सुजून एकमेकांना चिकटतात, वर चिकट स्राव साचतो आणि मासा पाण्यात असूनही गुदमरतो.

अमेरिकेत ट्राउट माशांच्या पिल्लांमध्ये या आजाराचं वर्णन १९२६ साली झालं. त्याचा मुख्य जिवाणू फ्लॅव्होबॅक्टेरियम ब्रँकिओफिलम. तो बहुधा कल्ल्यांच्या पृष्ठभागावरच राहतो. आपल्याकडच्या उबदार तळ्यांत रोहू-कटलाचे कल्ले सडवतो तो त्याचाच भाऊबंद, फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरी. हा मात्र आत ऊतींमध्येही शिरतो. तेव्हा औषध लागू शकतं. कल्ल्यांवरच्या परजीवींमुळेही अशीच लक्षणं दिसतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली कल्ला पाहिल्याशिवाय निदान होत नाही.

तोवर काय करावं? खाद्य थांबवा, त्याने प्राणवायूची गरज आणि अमोनिया दोन्ही कमी होतात. एरेटर रात्रभर, विशेषतः पहाटे चालू ठेवा. पाण्यातला प्राणवायू तेव्हाच सर्वांत कमी असतो. थोडं पाणी बदला, दाटी कमी करा. मेलेले मासे काढून पुरून टाका. आजारी पण जिवंत मासे तळ्याच्याच पाण्यात घालून मत्स्यव्यवसाय विभागाच्या तज्ज्ञांना दाखवा.

अंदाजाने टाकलेल्या कॅप्सूलमुळे दूषित पाणी सुधारत नाही. उलट पातळ झालेल्या औषधात तगून राहिलेले जिवाणू त्याला दाद देईनासे होतात आणि हा गुण ते माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंनाही देऊ शकतात. नेहमीची प्रतिजैविकं निकामी ठरलेले रुग्ण आमच्या वॉर्डात आजही असतात. म्हणून त्या शेतकऱ्याला मी एवढंच सांगितलं, "दादा, आधी तळ्याला मोकळा श्वास घेऊ द्या."