छातीचा कॉन्ट्रास्ट सी.टी. स्कॅन : स्वरूप आणि पूर्वदक्षता

प्रस्तावना :
सन २०२०-२१ मधील कोरोना साथीत ‘एच.आर.सी.टी.’ हा शब्द खान्देशातील खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला. पंचवीसपैकी किती ‘स्कोअर’ आला, याची चर्चा घरोघरी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने यंत्राच्या क्षमतेनुसार या तपासणीचे कमाल दर २०००, २५०० व ३००० रुपये असे निश्चित केले. परिणामी छातीचा सी.टी. म्हणजे एच.आर.सी.टी. असाच समज रूढ झाला. वस्तुतः ती तपासणी सामान्यतः शिरेत औषध न देता केली जाते व तीत फुप्फुसाची सूक्ष्म रचना दिसते. शिंदखेडा, दोंडाईचा परिसरातील रुग्णास डॉक्टर ‘कॉन्ट्रास्ट’ लिहून धुळ्यास पाठवितात, तेव्हा त्यांना वेगळेच काही पाहावयाचे असते. विद्यार्थ्यांचे पालक अशी चिठ्ठी घेऊन पुष्कळदा प्राध्यापकांनाच विचारतात. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

द्रव्याचे कार्य :
दोन फुप्फुसांच्या मधल्या भागात महाधमनी, अन्ननलिका व लसिका ग्रंथी एकमेकींना लागून असतात. त्यांची घनता जवळपास सारखी असल्याने साध्या चित्रात त्या करड्या रंगात मिसळून जातात. आयोडीनचा अणुक्रमांक ५३ असून ते क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषते. हाताच्या शिरेतून साधारणतः ५० ते १०० मिलिलिटर आयोडीनयुक्त द्रव्य वेगाने सोडले असता रक्तवाहिन्या शुभ्र दिसू लागतात. रोहिणीत अडकलेली गुठळी त्या शुभ्र प्रवाहात काळसर दिसते. क्षयरोगाने सुजलेली ग्रंथी अनेकदा कडेने उजळ व मध्यभागी काळसर असते. गुठळीचा शोध घ्यावयाचा तर द्रव्य फुप्फुसाच्या रोहिणीत असतानाच चित्र घ्यावे लागते, ग्रंथी वा गाठीसाठी काहीसे उशिरा. म्हणून चिठ्ठीवर ‘छातीचा सी.टी.’ एवढेच पुरेसे नाही. शंका कोणती, हेही लिहिलेले असावे.

पूर्वदक्षता :
हे द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. त्यामुळे वयस्कर, मधुमेही वा मूत्रपिंडाच्या रुग्णांकडे रक्तातील क्रिएटिनिनचा अलीकडील अहवाल मागितला जातो. ही तपासणी आधीच गावी करून घेतल्यास एक फेरी वाचते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते अवश्य सांगावे. मूत्रपिंडाचे कार्य फारच मंदावले असेल तर ते ४८ तास थांबवितात, एरवी सहसा थांबवावे लागत नाही. गर्भधारणेची शक्यता, थायरॉईडचा विकार, पूर्वी अशा इंजेक्शनने आलेली पित्त वा धाप, हेही सांगणे आवश्यक आहे. मासे सोसत नाहीत म्हणून हे द्रव्य वर्ज्य, ही समजूत मात्र निराधार होय.

खरी गफलत ‘उपाशी या’ या सूचनेत होते. आपल्याकडे उपाशी म्हणजे पाणीही नाही, असा अर्थ घेतला जातो. मे महिन्यात खान्देशचा पारा चाळिशीपार असताना पहाटे एस.टी.ने निघालेला वृद्ध दुपारपर्यंत घोटभर पाण्याविना बसून राहतो, आणि निर्जलीकरण हेच मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते. काही तास अन्न टाळावयास सांगितले असले तरी पाणी चालेल काय, हे केंद्राला स्पष्ट विचारावे. मधुमेह्याने सकाळच्या औषधाविषयी, विशेषतः इन्सुलिनविषयी, विचारल्याखेरीज उपाशी राहू नये.

इंजेक्शन देताच अंगभर उष्णता पसरते, तोंडास धातूची चव येते, लघवी झाल्याचा भास होतो. हे क्षणिक असते. घशात आवळल्यासारखे होणे, धाप वा अंगावर गांधी उठणे मात्र तत्काळ सांगावे. तीव्र प्रतिक्रिया बहुधा पहिल्या अर्ध्या तासात उद्भवते. तेवढा वेळ केंद्रातच थांबावे, मग परतीची बस चुकली तरी हरकत नाही.