संगरोध टाकी, सागरी मत्स्यालयातील
खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील आजारी माशास इतर माशांपासून वेगळे ठेवून त्यावर उपचार करण्यासाठी तातडीने उभारलेल्या साध्या टाकीस ‘संगरोध टाकी’ किंवा ‘उपचार टाकी’ म्हणतात. नवीन आणलेला मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवण्यासाठीही ती वापरतात. मुख्य टाकीत बहुधा प्रवाळ, समुद्रपुष्प, शंखशिंपले, कोळंबी इ. अपृष्ठवंशी प्राणी असतात. माशांच्या रोगांवरील पुष्कळशी औषधे, विशेषतः तांब्याची लवणे, या प्राण्यांना मारक ठरतात. शिवाय प्रवाळयुक्त वाळू व खडक तांबे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातील औषधाची मात्रा स्थिर राहत नाही. म्हणून औषध मुख्य टाकीत न घालता मासाच बाहेर काढावा लागतो.

महाराष्ट्रात मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली समुद्रकिनाऱ्यालगत सुरू झाले. किनाऱ्यावरील अशा संस्थांना समुद्राचे पाणी सहज मिळू शकते. देवळी (जि. वर्धा) सारख्या समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या गावी मात्र सागरी मासे पाळावयाचे, तर सर्व पाणी कृत्रिम रीत्या तयार करावे लागते. आयत्या वेळी क्षारमिश्रण उपलब्ध होत नसल्याने त्याचा साठा आधीच करून ठेवणे हाच तेथील संगरोधाचा पहिला भाग होय.

रोग : पांढरे ठिपके हा सर्वांत परिचित रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या रोमकधारी आदिजीवामुळे होतो. या जीवोपजीवीचे वर्णन ब्राउन यांनी 1951 मध्ये केले. तो माशाच्या त्वचेत व क्लोमांत (कल्ल्यांत) सु. 3 ते 7 दिवस वाढतो, नंतर मासा सोडून तळाशी पुटी तयार करतो आणि तिच्यातून शेकडो पोहणारे जीव बाहेर पडतात. त्यांना एकदोन दिवसांत मासा न मिळाल्यास ते मरतात. अंगावरील ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग बरा झाला, हा समज त्यामुळे घातक ठरतो. अमायलोओडिनियम ऑसेलेटम या डायनोफ्लॅजेलेटामुळे होणाऱ्या मखमली रोगात अंगावर बारीक धुरळ्यासारखा थर दिसतो व मासा एकदोन दिवसांत दगावू शकतो. विदूषक माशांत (क्लाउनफिश) ब्रुकलिनेला हॉस्टिलिस या आदिजीवामुळे अंगावर दाट श्लेष्मा साठतो. यावर तांबे गुणकारी नाही, फॉर्मॅलीन वापरावे लागते. झपाट्याने होणारा श्वासोच्छ्‌वास, खडकाला अंग घासणे व अन्न वर्ज्य करणे ही या रोगांची सामान्य लक्षणे होत.

टाकीची रचना : सु. 60 लि. ची काचेची टाकी लहान माशांना पुरते. तळाशी वाळू वा खडक न घालता आडोशासाठी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे ठेवतात. हवेचा पंप, स्पंजाची गाळणी, तापमापक, तापक व झाकण एवढी सामग्री आवश्यक असते. कोळशाची गाळणी औषध शोषून घेत असल्याने ती काढून टाकतात. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सु. 35 ग्रॅ. क्षार असतात, म्हणजे 60 लि. पाण्यास 2 किग्रॅ. हून थोडे अधिक क्षारमिश्रण लागते. खाण्याचे मीठ त्याऐवजी चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इ. घटक पुरेसे नसतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटाने नाहीसे करतात. तापमान 25° ते 27° से. राखतात. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात हवेचे तापमान 45° से. च्या आसपास जाते. उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो व क्लोमांना इजा झालेला मासा लवकर गुदमरतो. वीज खंडित झाल्यास चालेल असा विद्युत्‌ घटावरील हवापंप म्हणूनच जवळ ठेवावा लागतो.

अमोनिया : नव्या टाकीत नायट्रीकरण करणारे सूक्ष्मजंतू नसल्याने माशाने उत्सर्जित केलेला अमोनिया साचतो. सागरी पाणी अल्कधर्मी असल्यामुळे अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण वाढते. रोगापेक्षा या विषानेच पुष्कळ मासे मरतात. मुख्य टाकीत एक जादा स्पंज नेहमी ठेवल्यास तो प्रसंगी सूक्ष्मजंतूंसह उचलून आणता येतो. तसा स्पंज नसेल, तर रोज पाव ते निम्मे पाणी बदलावे लागते. बदललेल्या पाण्याच्या प्रमाणात औषधही पुन्हा घालतात.

उपचार : पांढरे ठिपके व मखमली रोग यांवर मुक्त तांब्याची 0.15 ते 0.20 मिग्रॅ. प्रतिलिटर ही मात्रा किमान तीन आठवडे अखंड ठेवतात. 60 लि. पाण्यास 0.20 मिग्रॅ. मात्रेसाठी मोरचूद अवघे 47 मिग्रॅ. लागते, ते घरगुती तराजूने तोलणे अशक्य असते. म्हणून 3.93 ग्रॅ. शुद्ध मोरचूद 1 लि. ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून साठ्याचा विद्राव करतात. त्याच्या 1 मिलि. मध्ये 1 मिग्रॅ. तांबे असते, म्हणजे 60 लि. पाण्यास 12 मिलि. पुरतात. ही मात्रा दोन दिवसांत विभागून देतात व रोज परीक्षासंचाने तपासतात. संत्राबागांत बोर्डो मिश्रणासाठी वापरले जाणारे मोरचूद अशुद्ध असू शकते, ते वापरू नये.

क्षारता कमी करणे हा दुसरा उपाय होय. सागरी माशाच्या शरीरद्रवातील क्षार समुद्राच्या पाण्याच्या सु. एक-तृतीयांश असल्याने तर्षणामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जात असते; त्वचेला इजा झाल्यास ही हानी वाढते. क्षारता दोन दिवसांत उतरवून दर लिटरला सु. 15 ग्रॅ. केल्यास माशावरील ताण घटतो व क्रिप्टोकॅरिऑनच्या पुट्या नष्ट होतात. मखमली रोगावर हा उपाय चालत नाही. तांबे व अल्प क्षारता यांचा वापर एकाच वेळी करीत नाहीत.

या काळात मुख्य टाकीत एकही मासा ठेवत नाहीत. किमान सहा आठवडे आणि खबरदारी म्हणून अडीच महिन्यांपर्यंत ती रिकामी ठेवल्यास उरलेल्या पुट्यांतून निघणारे जीव आश्रयाअभावी मरतात. दोन्ही टाक्यांची जाळी, बादल्या व नळ्या वेगळ्या ठेवतात, कारण ओल्या जाळ्याबरोबरही संसर्ग परत येतो. प्रत्येक नवा मासा आधी संगरोध टाकीत ठेवल्यास असा तातडीचा प्रसंग बहुधा उद्‌भवत नाही.